सातपुड्याच्या पायथ्याशी दोन दिवस: शिबिराला येण्याआधी वाचा

रानात वाट चुकली तर तग कसा धरायचा, हे आम्ही या शिबिरात शिकवतो. फोनवर पहिला प्रश्न बहुतेक वेळा हाच असतो: "साप-बिप खायला लावता का हो?" नाही लावत. विंचू नाही, अळ्या नाहीत, कच्चं काही नाही. शनिवारी रात्री भरीत आणि कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी असते. ज्या विस्तवावर वांगी भाजायची तो मात्र तुम्ही स्वतः पेटवायचा, काडेपेटी न वापरता. म्हणून जेवण कधी आठला होतं, कधी साडेदहाला.

जागा आणि कायदा

शिबिर जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावल पट्ट्यात, डोंगराला लागून असलेल्या आमच्या स्वतःच्या शेतावर होतं. "खऱ्या जंगलात का नाही?" असं विचारणाऱ्यांसाठी: वरचा बराचसा भाग राखीव वन आहे, त्यात १९६९ सालचं यावल अभयारण्यही आलं. तिथं परवानगीशिवाय शिरणं, चूल पेटवणं, लाकूड तोडणं हे सगळे गुन्हे आहेत. सरपण आम्ही आमच्याच बांधावरचं वापरतो. फासे आणि सापळे शिकवत नाही. ससा असो की तितर, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीला बंदी आहे. "नुसतं दाखवा तरी" असा आग्रह दर वेळी कुणीतरी धरतं. दाखवत नाही.

मग शिकवता काय?

सगळ्यात आधी, बसायला. वाट चुकल्याचं लक्षात आलं की पाय आपोआप भराभर पडायला लागतात आणि माणूस शोधणाऱ्यांपासून लांब जात राहतो. थांबा, सावलीत बसा, पाणी किती उरलंय ते बघा, शिट्टी तीन-तीनदा वाजवा. घरून निघताना कुठं जातोय आणि कधी परतणार हे कुणाला तरी सांगितलेलं असेल तर निम्मं काम तिथंच झालेलं असतं.

हवेविना तीन मिनिटं, निवाऱ्याविना तीन तास, पाण्याविना तीन दिवस, अन्नाविना तीन आठवडे, हा हिशोब तुम्ही ऐकला असेल. थंड मुलखात तो ठीक आहे. भुसावळ-जळगावच्या मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, तिथं पाण्याविना तीन दिवसांवर विसंबू नका. आम्ही स्वतः पहिलं शिबिर मार्चअखेरीला ठेवण्याचा शहाणपणा केला होता. दुपारी बारानंतर शिकवणारे आणि शिकणारे सगळे एकाच आंब्याखाली आडवे. तेव्हापासून नोव्हेंबर ते फेब्रुवारी एवढंच.

पाणी

कोरड्या नदीत झिरा (पाणी झिरपून साठणारा खड्डा) कुठं खणायचा ते प्रत्यक्ष खणून शिकवतो. वळणाच्या बाहेरच्या काठाला, जिथं वाळू दमट लागते किंवा हिरवळ टिकून असते, तिथं हात-दीड हात खणायचं. पहिलं गढूळ पाणी उपसून टाकायचं आणि पुन्हा झिरपू द्यायचं. नंतर ते धोतराच्या चार पदरांतून गाळायचं. गाळल्यानं गाळ जातो, जंतू सगळे जात नाहीत, म्हणून एक मिनिट खळखळून उकळायचं. दोन हजार मीटरच्या वर तीन मिनिटं उकळा म्हणतात, पण सातपुड्यातलं सर्वांत उंच धूपगडही १,३५० मीटरच्या आसपास आहे, तेव्हा आपल्याकडे एक मिनिट पुरे.

एक गोष्ट मात्र परदेशी व्हिडिओत सापडणार नाही. केळी-कपाशीच्या शेतातून वाहत आलेलं चारीचं पाणी कितीही उकळलं तरी पिऊ नका. उकळल्यानं जंतू मरतात, फवारणीचं औषध पाण्यातच राहतं.

विस्तव

सगळ्यात जास्त वेळ यातच जातो आणि जावाही. आधी चकमक. जुनं सुती कापड डबीत कोंडून, झाकणाला बारीक भोक ठेवून भाजलं की काळं पडतं. त्यावर ठिणगी पडली की ती विझत नाही, हळूहळू पसरते. ती वाळल्या गवताच्या नाहीतर नारळाच्या शेंडीच्या घरट्यात ठेवून फुंकायची. हे बहुतेकांना तासाभरात जमतं.

मग धनुष्याची दोरी गुंडाळून लाकडावर लाकूड फिरवायचं. यज्ञातली अरणी ज्यांनी पाहिली आहे त्यांना कल्पना येईल. फळीला खाच कापलेली असते, तिच्यात काळा भुसा साठतो. भुसा तपकिरी असेल तर जोर कमी पडतोय. धूर निघाला म्हणजे झालं असं समजून निम्मे जण हात थांबवतात आणि तिथंच फसतात. धूर दिसल्यावर आणखी वीसेक फेरे मारायचे. शिकवणारे आमचे काका सत्तरीचे आहेत, ते एवढंच म्हणतात, "घाई नको करू भो." पहिल्या दिवशी दहात दोघांचंच पेटतं. बाकीच्यांच्या तळहाताला फोड येतात, पण जेवण सगळ्यांना मिळतं.

जमिनीवर पडलेलं लाकूड दमट असतं. झाडावरच वाळलेली, कट्कन मोडणारी काडी घ्या. सालईचा डिंक मिळाला तर ओल्यातही पेट घेतो. आणि भरताची वांगी कपाशीच्या काड्यांवरच भाजायची. हा नियम जगण्या-मरण्याचा नाही, चवीचा आहे.

दोर, अंथरूण, आकाश

दोर केळीच्या सोपटाचा (खोडाच्या सालीचा) वळतो. त्यातला वाख (धागे) काढायचा, दोन पदरांना एकाच दिशेनं पीळ द्यायचा आणि ते एकमेकांवर उलट्या दिशेनं गुंडाळत जायचे. पाऊण तासात हातभर होतो. अंबाडीचे दोर वळलेल्या आजोबांना हे सांगू नका, हसतील.

डिसेंबर-जानेवारीत इथं रात्री पारा कधी दहाच्या खाली उतरतो. थंडी वरून कमी आणि जमिनीतून जास्त लागते, म्हणून पांघरुणापेक्षा अंथरूण जाड हवं. वाळलेली केळीची पानं दाबून वीतभर. ही पानं भुर्रकन पेटतात, तेव्हा शेकोटी निदान दहा पावलं लांब.

रात्री मृगातल्या बाणाचे तीन तारे बघतो. ते जवळजवळ बरोबर पूर्वेला उगवतात आणि पश्चिमेला मावळतात. ध्रुव खान्देशातून क्षितिजावर साधारण २१ अंश वर, म्हणजे हात ताठ धरून एकावर एक ठेवलेल्या दोन मुठींएवढा. दिवसा याहून सोपं आहे: सातपुड्याच्या या बाजूचे नदी-नाले शेवटी दक्षिणेला तापीकडे उतरतात, आणि गावंही तिकडेच आहेत. उतरायचंच झालं तर नाल्याच्या पात्रातून नको, काठाकाठानं.

साप

नाग, मण्यार, घोणस, फुरसं, चारही या भागात आहेत. रात्री विजेरीशिवाय उठायचं नाही, सकाळी बूट झटकून घालायचे. दंश झाला तर कापणं, चोखणं, आवळून बांधणं यातलं काही नाही. अंगठी-बांगडी काढायची, तो अवयव हलू द्यायचा नाही आणि थेट रुग्णालय. आमची गाडी दोन्ही दिवस जागेवर उभी असते, शिवाय १०८ आहेच.

येताना

शनिवारी सकाळी साडेआठला रावेर स्टेशनवर आमची गाडी घ्यायला येते, रविवारी चारला तिथंच सोडतो. एका वेळी बाराच जण. चौदा वर्षांखालील मुलं नकोत, अठराखालच्यांसोबत पालक हवेत. दमा, मधुमेह, मधमाशीची ॲलर्जी असेल तर अर्जात नक्की लिहा, त्यावरून कुणाला नाकारत नाही. पूर्ण बाह्यांचे सुती कपडे, घोट्यापर्यंतचे वापरातले बूट (नवे कोरे नकोत), विजेरी, दोन लिटरची बाटली, स्वतःची औषधं. कोयता आणि चाकू आम्ही देतो, ऑनलाइन मागवलेला दातेरी सुरा घरीच ठेवा. घरात जुनं सुती धोतर किंवा फाटकी चादर असेल तर घेऊन या, चकमकीला लागते.