पांढऱ्या पेशींची ये-जा आणि मज्जातंतू

रक्ततपासणीच्या अहवालात पांढऱ्या पेशींचा आकडा कमी-जास्त झाला की पेशी घटल्या किंवा वाढल्या, असे आपण सहज म्हणतो. प्रत्यक्षात अनेकदा त्यांनी केवळ जागा बदललेली असते. लिम्फोसाइट या प्रकारच्या पांढऱ्या पेशी रक्तातून लसीका ग्रंथींत (काखेत, मानेत असणाऱ्या प्रतिकारसंस्थेच्या गाठींत) आणि तिथून पुन्हा रक्तात सतत फिरत राहतात, हे जेम्स गोवन्स यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस ऑक्सफर्डमध्ये उंदरांवरील प्रयोगांतून सिद्ध केले. त्यानंतरच ‘पेशी किती’ या प्रश्नाशेजारी ‘पेशी कुठे’ हा प्रश्न उभा राहिला, आणि मज्जासंस्थेचा या पेशींशी असलेला संबंध उलगडला तो बराचसा या दुसऱ्या प्रश्नामुळे.

याच्या खुणा मात्र आधीपासून होत्या. ॲड्रेनॅलिन टोचल्यावर रक्तातील पांढऱ्या पेशींची संख्या थोड्याच वेळात वाढते, हे विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच नोंदले गेले होते. १९३६ मध्ये हान्स सेल्ये यांनी तीव्र ताणाखालील उंदरांची थायमस ही लिम्फोसाइट घडवणारी ग्रंथी आक्रसते असे दाखवले. १९७५ मध्ये अँथनी फाउची यांनी असे मांडले की, स्टेरॉइड दिल्यावर रक्तातून दिसेनाशा होणाऱ्या लिम्फोसाइटपैकी काही अस्थिमज्जेत, म्हणजे रक्तपेशी तयार करणाऱ्या हाडांच्या गाभ्यात, जाऊन थांबतात. तरीही प्रतिकारसंस्था स्वायत्त आहे हा समज पक्का होता; कारण या पेशी काचपात्रातही, एकाही मज्जातंतूच्या मदतीशिवाय, परक्या पदार्थाला प्रतिसाद देतात. या समजाला धक्का दिला तो १९८० च्या दशकात डेव्हिड फेल्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. प्लीहेत मज्जातंतू केवळ रक्तवाहिन्यांपुरते नसून थेट लिम्फोसाइटच्या गर्दीत शिरलेले आहेत, हे त्यांना सूक्ष्मदर्शकाखाली आढळले.

यापुढचा महत्त्वाचा टप्पा जवळजवळ अपघाताने आला. (मराठीत ‘मज्जातंतू’ आणि ‘अस्थिमज्जा’ या दोन्ही शब्दांत मज्जा असल्याने वाचताना घोटाळा होतो, इथे मात्र त्या दोघांची खरोखरच गाठ पडते.) न्यूयॉर्कमध्ये पॉल फ्रेनेट यांचा गट अस्थिमज्जेतील मूलपेशी (ज्यांच्यापासून सर्व रक्तपेशी बनतात) रक्तात कशा उतरतात याचा शोध घेत होता. एका विशिष्ट स्निग्ध घटकाचा त्यात काही वाटा असेल, या अंदाजाने त्यांनी तो घटक तयार करणारे विकर (एन्झाइम) नसलेले उंदीर घेतले. मूलपेशींना बाहेर काढणारे नेहमीचे औषध देऊनही या उंदरांच्या मूलपेशी जागच्या हलेनात. कारण शोधता शोधता लक्षात आले की, तोच घटक मज्जातंतूंच्या आवरणासाठीही लागतो आणि या उंदरांत मज्जातंतूंचे संदेशवहनच बिघडलेले आहे. मज्जातंतूंचे नॉरॲड्रेनॅलिन हे संदेशरसायनच नसलेल्या दुसऱ्या उंदरांना ॲड्रेनॅलिनसारखे काम करणारे औषध दिल्यावर मूलपेशी अधिक प्रमाणात बाहेर पडू लागल्या. हे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. दोन वर्षांनी याच गटाने दाखवले की, मूलपेशींचे हे बाहेर पडणे दिवस-रात्रीच्या चक्राने चालते. मेंदूतील घड्याळाचा इशारा अनुकंपी (ताणाच्या वेळी शरीराला सज्ज करणाऱ्या) मज्जातंतूंवाटे मज्जेत पोहोचतो आणि पेशींना धरून ठेवणाऱ्या सीएक्ससीएल१२ या रसायनाचे तिथले प्रमाण घटते. म्हणजे मज्जातंतू इथे पेशीला हुकूम देत नाही, तर तिला अडवणारे दार सैल करतो. माझ्या मते या साऱ्या इतिहासातले सर्वांत बोलके निरीक्षण हेच आहे.

अर्थात, प्रत्येक ठिकाणी दार सैलच होते असे नाही. लसीका ग्रंथींत उलटे घडते. जपानी संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवले की, लिम्फोसाइटवरील, ॲड्रेनॅलिनसारख्या रसायनांचा संदेश टिपणाऱ्या बीटा-२ ग्राहींना चेतना मिळाली की या पेशी ग्रंथीतच रोखल्या जातात. ॲड्रेनॅलिनने काही मिनिटांत रक्तातील पेशी वाढतात आणि नंतर लिम्फोसाइट घटतात, ही जुनी विसंगती अशा निरीक्षणांमुळे समजण्याजोगी होते: वाहिन्यांच्या भिंतींना चिकटून असलेल्या पेशी आधी सुटतात, ग्रंथींची दारे मात्र बंद होतात.

२०२२ मध्ये फिलिप स्विर्स्की यांच्या गटाने हा धागा मेंदूपर्यंत नेला. उंदरांवर अचानक ताण आला असता हालचालींशी संबंधित मेंदूभागाच्या प्रभावाने स्नायूंतून रसायने सुटतात आणि त्यांच्यामुळे न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी मज्जेतून बाहेर पडतात; त्याच वेळी हायपोथॅलॅमस या संप्रेरकांचे नियंत्रण करणाऱ्या मेंदूभागातील पेशीसमूह, सेल्ये आणि फाउची यांच्या ओळखीच्या स्टेरॉइड संप्रेरकांमार्फत, लिम्फोसाइट व मोनोसाइट या पांढऱ्या पेशींना मज्जेत परत बोलावतो. अशा ताणाखालील उंदरांचा इन्फ्लुएंझा विषाणूपुढे टिकाव कमी लागला, पण स्वतःच्याच ऊतींवर हल्ला करणाऱ्या प्रतिकारविकारापासून त्यांना काहीसे संरक्षण मिळाले.