पाप दाखवणं आणि पाप चाखवणं: ख्रिस्ती कथेत किती उघडं लिहायचं?

ख्रिस्ती कथा-कादंबरीत सेक्स, मारहाण, शिव्या किती चालतात हा विषय निघाला की दोन गट पडतातच. एक म्हणतो काहीच नको, बायबलमधलं फिलिप्पैकरांस पत्र ४:८ वाचा, जे शुद्ध, जे श्रवणीय त्याचंच मनन करा. दुसरा म्हणतो आधी बायबलमध्ये काय काय आहे ते बघा आणि मग बोला. पण दोघंही मोजतात एकच, ते म्हणजे किती आहे. मला वाटतं घोळ इथेच होतो, कारण पाप दाखवणं आणि पाप चाखवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि वरवर बघितलं तर दोन्हीत तोच बिछाना, तेच रक्त, तीच शिवी असते.

दाखवणं म्हणजे काय ते बघायचं तर बायबलमधल्या २ शमुवेल या पुस्तकाचा ११ वा अध्याय घ्या. दावीद राजा आणि दुसऱ्याची बायको बथशेबा यांचं सगळं एका वचनात उरकतं, त्याने माणसं पाठवली, ती आली, तो तिच्यापाशी निजला, ती घरी गेली, बस. आणि मग तिच्या नवऱ्याचं, उरिया या सैनिकाचं बघा, तो राजवाड्याच्या दारातच झोपतो, घरी जातच नाही, आणि शेवटी स्वतःच्या मरणाचं पत्र स्वतःच्याच हाताने सेनापती यवाबाकडे घेऊन जातो, हे सगळं सावकाश, बारीकसारीक तपशिलात सांगितलंय. लेखकाने वेळ कुठे दिलाय ते बघा, मला तरी बाकीचं त्यावरूनच कळतं.

दोन अध्याय पुढे दावीदाचा मुलगा अम्नोन आणि त्याची सावत्र बहीण तामार. बलात्कार झाला हे स्पष्ट सांगितलंय, लपवाछपवी नाही. पण आपल्या डोळ्यासमोर जे राहतं ते नंतरचं आहे, नोकराला बोलावून तिला बाहेर काढायला लावणं, मागून दाराला लागलेला अडसर, डोक्यावर घातलेली राख, राजकन्येचा तो फाडलेला झगा, आणि डोक्याला हात लावून रडत चाललेली ती. तिचं शरीर बघायला आपल्याला बोलावलेलंच नाही, तिचं रडणं ऐकायला बोलावलंय.

येशूने सांगितलेल्या उधळ्या मुलाच्या दाखल्यातही तेच आहे. लूक १५ मध्ये त्याची ऐयाशी एका वाक्यात आटपते पण त्याची भूक मात्र डुकरांच्या शेंगांपर्यंत जाते, आणि एक गोष्ट माझ्या फार उशिरा लक्षात आली, की त्या गोष्टीत वेश्यांचा उल्लेख प्रभू स्वतः निवेदनात करत नाही, तो येतो मोठ्या भावाच्या तोंडून, रागाच्या भरात.

चाखवणं म्हणजे वाचकाला त्याच पापाचा एक घास देणं. सीन असा लिहायचा की वाचक पात्राला विसरतो आणि स्वतः गुंततो, मग दोन पानं पश्चात्ताप आणि प्रार्थना टाकली की झाली ख्रिस्ती कादंबरी. मारामारीचंही तसंच, व्हिलनला असा रंगवायचा की त्याचं डोकं फुटलं की आपल्याला मजाच यावी. माझं स्पष्ट मत आहे की शेवटची प्रार्थना मधल्या चटकेला धुऊन काढत नाही.

आणि उलटंही खरं आहे, जे लोकं बोलत नाहीत. एकही चुंबन नसलेलं पुस्तकसुद्धा चाखवू शकतं, तीनशे पानं नुसती त्याची नजर, तिचा श्वास, हात लागतोय का नाही लागत, सगळं कसं क्लीन, पण वाचकाला तापवत ठेवणं हाच त्याचा धंदा असतो. प्रकाशकाची वर्ज्य शब्दांची यादी याला पकडू शकत नाही, ती फक्त शब्द पकडते.

डोस्टोव्हस्कीच्या 'गुन्हा आणि शिक्षा'मधली सोन्या शरीर विकते, पण तिचा धंदा कादंबरीत कुठेच दिसत नाही. पहिल्या रात्री ती घरी येते, तीस रूबल टेबलावर ठेवते, एक शब्द बोलत नाही, शाल डोक्यावरून घेते आणि भिंतीकडे तोंड करून पडते, फक्त खांदे हलत असतात. मी हे वाचून पुस्तक मिटलं होतं. आणि गंमत नाही तर वाईट वाटण्यासारखी गोष्ट ही की १८६६ साली ही कादंबरी छापणाऱ्या मासिकाच्या संपादकांनी हरकत घेतली ती सोन्या खुनी नायकाला शुभवर्तमानातली, मेलेल्या लाजराला येशू उठवतो ती गोष्ट वाचून दाखवते त्या प्रकरणावर, आणि डोस्टोव्हस्कीला ते बदलून लिहावं लागलं. वेश्येच्या हातात शुभवर्तमान, हेच त्यांना खपलं नाही.

आता बायबलमधलं प्रेमकाव्य गीतरत्न, आणि यहेज्केल संदेष्ट्याच्या पुस्तकाचा २३ वा अध्याय, जिथे देवाशी बेइमान झालेल्या शहरांना वेश्या म्हटलंय, हे कुठे बसवायचे? गीतरत्नात प्रेम शरीराचंच आहे, आनंदाचं आहे, त्याला शिक्षा नाही की लाज नाही, पण ते बाग, द्राक्षं, सुगंध यांच्या आडून बोलतं. यहेज्केल उलटा, इतका उघडा की मोठ्याने वाचताना जीभ अडखळते, पण तिथे हेतूच किळस आणायचा आहे. म्हणजे उघडेपणा किती यावर काहीच ठरत नाही.

मात्र वाचक कोण हे सुटत नाही. पॉर्नमधून धडपडत बाहेर येणाऱ्या माणसाला पुन्हा घसरायला एक साधं वाक्यसुद्धा पुरतं, रोमकरांस पत्राचा १४ वा अध्याय अशाच दुबळ्या भावाची काळजी घ्यायला सांगतो, तेव्हा पुस्तकात काय आहे हे आधीच स्पष्ट सांगावं, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

मी स्वतः एका कथेत नवऱ्याने बायकोला मारल्याचा सीन लिहिला होता, पहिल्या खर्ड्यात तीन परिच्छेद नुसते फटके. पुन्हा वाचताना जाणवलं की मला ते लिहायला आवडलं होतं, वाक्यं छान जमली होती म्हणून. ते सगळं काढलं. आता त्या कथेत शेजारच्या खोलीतला मुलगा नळ पूर्ण सोडतो, बादली भरून वाहायला लागते तरी बंद करत नाही, आणि आवाज थांबल्यावरही बराच वेळ तसाच उभा राहतो.