पात्याला नुसते ‘पाणी’ देऊन भागत नाही

रोटाव्हेटरचे, म्हणजे ट्रॅक्टरमागे फिरून माती भुसभुशीत करणाऱ्या अवजाराचे, पाते लालभडक तापवून पाण्यात बुडवले की ते दुप्पट टिकते, हा समज अर्धाच खरा आहे. त्याने पोलाद कडक होते खरे, पण काचेसारखे ठिसूळही होते आणि मुरमाड रानात दगडावर आपटताच वाकवलेल्या जागी तडकते. म्हणून बोरॉनयुक्त पोलादाचे पाते सुमारे ९०० अंश सेल्सिअसला तापवून झटकन थंड केल्यावर पुन्हा साधारण २०० अंशांवर तापवतात. त्यात थोडा कडकपणा जातो, पण चिवटपणा येतो. (हीच पायरी घाईत गाळली जाते.) ०.२ टक्क्यांहून कमी कार्बनच्या साध्या लोखंडाला मात्र कितीही पाणी द्या, ते फारसे कडक होत नाही; कानस त्यावर जवळपास पूर्वीसारखीच चालते.