चढायचा दोर वेगळा, ओंडके उतरवायचा वेगळा (दोर तपासणीला आणण्याआधी वाचा)

"दोर तर नवाकोरा दिसतोय की, बाद का केलात?" हा प्रश्न आम्हाला इतक्यांदा विचारला जातो की शेवटी लिहूनच काढलं. तुम्ही रोज झाडावर चढणारी माणसं, हार्नेस कसा घालायचा न् हेल्मेटचा पट्टा किती आवळायचा हे आम्ही सांगायची गरज नाही, म्हणून सरळ मुद्द्यावर येतो.

बाद होणाऱ्या बऱ्याच दोरांची कहाणी एकच असते. वर फांदी कापून झाली, खाली नीट उतरवायची होती, जाड दोर गाडीतच राहिला आणि चढायचा दोर हाताशी होता, म्हणून "एकदाच" त्याला बांधली. आता त्या एकदाच मध्ये काय होतं बघा. 50 किलोचा ओंडका मोकळा 1 मीटर खाली आला आणि दोराने त्याला पुढच्या 20 सेंटीमीटरमध्ये थांबवलं, तर थांबवताना दोरावर सरासरी सहापट ओढ बसते, म्हणजे 300 किलो लटकवल्यासारखं, आणि क्षणभर त्याहूनही जास्त. वर पुली जिथे बांधलीय त्या फांदीवर तर दोन्ही बाजूंची ओढ एकत्र येते, जवळजवळ दुप्पट.

यावर लोक म्हणतात, अहो दोरावर 22 किलोन्यूटन लिहिलंय, म्हणजे 2200 किलो, 300 ने काय होतंय? हे ईएन 1891 ह्या युरोपियन मानकातल्या ए टाइप दोराचं खरं आहे, पण तो आकडा नव्या, कोरड्या, गाठ नसलेल्या दोराचा आहे. गाठ मारली की बऱ्याचदा चौथा-तिसरा हिस्सा ताकद तिथेच जाते. त्यात हा दोर मुद्दाम कमी ताणणारा बनवलेला असतो, माणूस वर लोंबकळताना हेलकावू नये म्हणून, त्यामुळे झटका गिळायला त्याच्यात फारशी जागाच नसते. शिवाय ओंडका काय दरवेळी 50 किलोचाच नसतो.

आणि अडचण अशी की दोर तुटत नाही. तुटला असता तर बरं, निदान कळलं असतं. वरचं विणलेलं आवरण छान दिसतं आणि आतला गाभा, ज्याच्यावर खरं वजन असतं, तो कुठेतरी दबलेला असतो. आम्ही दोर टेबलावर घेऊन वीत-वीतभर बोटांतून सरकवतो, आणि प्रत्येक ठिकाणी छोटा फास करून बघतो. चांगला दोर गोल वळतो. गाभा गेलेला असेल तिथे तो चपटा होऊन मोडल्यासारखा टोकदार वाकतो, डोळे मिटून हात लावलात तरी कळेल. पण सगळं नुकसान बोटांना लागतंच असं नाही, आणि तुमच्या दोरात किती ताकद उरलीय हे पक्कं बघायचं तर तो तोडूनच बघावा लागतो. म्हणून आम्ही आधी विचारतो, ह्याने कधी काही उतरवलंय का? खरं सांगा. हो म्हणालात तर चढाईसाठी तो बाद, त्यावर आम्ही वाद घालत नाही. खोटं सांगून पास करून घेतलेल्या दोरावर वर तुम्हीच असणार.

मुख्य दोरावर गुंडाळून आवळायची जी छोटी दोरी असते, त्या गाठीच्या दोरीचंही तसंच. प्रुसिक असो की दुसरी कुठली आवळणारी गाठ, जोरात खाली सरकलात की ती तापते. पॉलिस्टर तापून चकचकीत, कडक, प्लॅस्टिकसारखं झालं की दोरी बदलायची, घासून मऊ करायची नाही. डायनीमाची (एक प्रकारच्या पॉलिथिलीन धाग्याची) दोरी ताकदीला जबरदस्त पण 150 अंशांच्या आसपासच वितळते, म्हणून ती इथे चालत नाही, आम्ही त्यासाठी अरामिडच्या, म्हणजे उष्णता सोसणाऱ्या धाग्याच्या, आवरणाची ठेवतो. ती महाग पडते हे मान्य, पण ती वितळत नाही.

करवत चालवताना मुख्य दोर आणि कमरेचा लॅनयार्ड (खोडाभोवती घ्यायचा छोटा दोर) दोन्ही लावलेले हवेत, हे तुम्हाला माहितीच आहे. फक्त लॅनयार्डमध्ये स्टीलची तार आहे म्हणून निर्धास्त राहू नका, चेनसॉपुढे तिचा भरवसा नाही.

दर सहा महिन्यांनी बोलावतो ते धंद्यासाठी असं काहींना वाटतं. ईएन 365 ह्या मानकात किमान वर्षातून एकदा तपासणी सांगितलीय, आणि ब्रिटनमध्ये 1998 च्या नियमांनुसार माणसाला उचलणारं साधन सहा महिन्यांनी बघावं लागतं, आम्ही त्यातलं कडक घेतलंय इतकंच.

सोपा उपाय म्हणजे दोन दोर दोन रंगांचे आणि दोन पिशव्यांत. आमच्याकडून जोडी घेतलीत तर टोकांना रंगीत टेप आणि तारखेची पट्टी लावून देतो, म्हणजे घाईतसुद्धा हात चुकीच्या पिशवीत जायचा नाही. आणताना सगळ्या गाठी सोडून, कोरडा करून आणा. धुवायचा तर गार पाण्यात सौम्य साबणाने, आणि सावलीत वाळवा. गाडीत बॅटरीजवळ ठेवू नका, ॲसिडने नायलॉन सडतं आणि वरून काही दिसत नाही.

बाद दोराचे आम्ही तुमच्यासमोर दोन-दोन मीटरचे तुकडे करतो, त्याचा काहींना राग येतो. पूर्वी नुसती लाल टेप लावून परत द्यायचो. मग एक दोर काही महिन्यांनी पुन्हा आमच्याच टेबलावर आला, टेप काढलेली, तिचा चिकट डाग तसाच, आणि आणणारा म्हणाला की कालच ह्याच्यावर चढलो होतो. त्या दिवसापासून कात्री टेबलावरच असते.