एएस आणि एसएस: सिकलसेलच्या कागदावरची दोन अक्षरं

पूर्व विदर्भातल्या एखाद्या गावात सिकलसेल या आईबापाकडून येणाऱ्या रक्ताच्या आजाराच्या तपासणीचं शिबिर झालं की दुसऱ्या दिवशी एकच शब्द घरोघर फिरतो: पॉझिटिव्ह. अमक्याची पोरगी पॉझिटिव्ह निघाली म्हणे. माझ्या माहितीतली एक सोयरीक याच शब्दावर मोडली. मुलगी एएस, म्हणजे वाहक होती: सिकलसेलचं जनुक एकाच पालकाकडून आलेलं, आजार नाही. मुलगा एए, म्हणजे ते जनुक अजिबात नसलेला होता आणि त्याला थॅलेसेमिया या रक्ताच्या दुसऱ्या आनुवंशिक आजाराचाही दोष नव्हता. या दोघांच्या एकाही लेकराला सिकलसेलचा आजार झाला नसता. रिपोर्ट हातात असूनही मुलीला ‘बिमार’ ठरवलं गेलं, याची हळहळ मला अजून वाटते.

गोंधळाचं मूळ पहिल्या तपासणीतच आहे. बोटातून काढलेलं थेंबभर रक्त नळीतल्या द्रावणात टाकतात आणि नळीमागे काळ्या रेघांचा कागद धरतात. रेघा स्वच्छ दिसल्या तर निगेटिव्ह. द्रावण गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या तर पॉझिटिव्ह. पण ही नळी एवढंच सांगते की रक्तात प्राणवायू वाहणाऱ्या हिमोग्लोबिनचा ‘एस’ हा बदललेला प्रकार आहे. ते निम्म्याहून कमी आहे की जवळपास सगळंच तेच आहे, हे तिला कळत नाही. वाहकाची नळी गढूळ होते आणि रुग्णाचीही. दोघांना वेगळं करते ती पुढची तपासणी, हिमोग्लोबिनचे प्रकार सुटे करून दाखवणारी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी. म्हणून नुसत्या ‘पॉझिटिव्ह’वर थांबू नका, पॅटर्न कोणता ते विचारा. महाराष्ट्रात वाहकाला पिवळं कार्ड मिळतं आणि रुग्णाला लाल.

हिमोग्लोबिनचा एक भाग, बीटा साखळी, बनवणारं जनुक अकराव्या गुणसूत्रावर असतं. त्याची एक प्रत आईकडून येते, दुसरी बापाकडून. सिकलसेलमध्ये या जनुकाच्या डीएनएतलं एकच अक्षर बदललेलं असतं: जीएजी या तीन अक्षरांच्या जागी जीटीजी. त्यामुळे साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक ॲसिड या अमिनो आम्लाऐवजी व्हॅलिन हे दुसरं अमिनो आम्ल येऊन बसतं. एक प्रत बदललेली असेल तर एएस, दोन्ही असतील तर एसएस. १९४९ साली अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विजेच्या क्षेत्रात हिमोग्लोबिन सोडून पाहिलं. रुग्णाचं निरोगी माणसापेक्षा वेगळं सरकलं. वाहकाचं मात्र दोन्हींचं मिश्रण निघालं. म्हणजे वाहकाच्या रक्तात अर्धवट बिघडलेलं असं काही नसतं. एक चांगलं हिमोग्लोबिन आणि एक बदललेलं, अशी दोन एकाच पेशीत नांदतात, आणि सहसा चांगल्याचा वाटा मोठा असतो.

मग वाहकाला दुखत का नाही? पेशीने प्राणवायू सोडला की ‘एस’चे रेणू एकमेकांना चिकटून लांब दांडे बनवू लागतात. हेच दांडे पेशीला आतून ताणून विळ्यासारखी करतात. पण दांडा उभा राहायला थोडा वेळ लागतो. पेशीत ‘एस’ जितकं दाट, तितका तो वेळ कमी, आणि तोही झपाट्याने कमी होतो. वाहकाच्या पेशीत ‘एस’ विरळ असतं, त्यामुळे दांडे बनायच्या आत पेशी फुफ्फुसाकडे परतून पुन्हा प्राणवायू घेते. रुग्णाच्या पेशीला तेवढी सवड मिळत नाही. ती वाटेतच ताठरते आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकते.

ते अडकणं म्हणजे काय, हे ज्याच्या अंगावर येतं त्यालाच ठाऊक. वर्षाच्या आतल्या लेकराचे हात-पाय सुजतात, ते रडून रडून निळंपिवळं होतं. मोठेपणी थंडी पडली, ताप आला किंवा रोवणीच्या दिवसांत पाणी कमी प्यायलं गेलं की हाडं आतून कुणी फोडतंय असं दुखतं. साधी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, रुग्णाची जेमतेम १० ते २० दिवस. म्हणून डोळे पिवळे, अंगात रक्त कमी. बाहेरून सूज नाही, जखम नाही, त्यामुळे ‘कामाचा आळस’ म्हणून हिणवलं जातं. हे मला सगळ्यात क्रूर वाटतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलच्या आजाराची नोंद आहे. वाहकाला तो लागू नाही, कारण वाहक आजारी नसतो.

वाहकाला लघवीतून कधी रक्त जाऊ शकतं, आणि फार उंचावर किंवा अतिश्रमाच्या वेळी जपावं लागतं. एरवी त्याला औषधाची गरज नाही. मलेरियाच्या बाबतीत तर उलटंच आहे. १९५४ साली संशोधक अँथनी ॲलिसन यांनी आफ्रिकेतल्या अभ्यासातून दाखवलं की वाहकाला जीवघेण्या फॅल्सिपेरम मलेरियापासून संरक्षण मिळतं. रुग्णाला तोच मलेरिया अधिक धोक्याचा. मलेरियाच्या मुलखात हे जनुक पिढ्यान्‌पिढ्या का टिकलं, ते यातून उमगतं.

आता लग्नाचं. एएस आणि एए: लेकरं वाहक होतील किंवा साधी, रुग्ण नाहीत. एएस आणि एएस: दर गरोदरपणात रुग्ण होण्याची शक्यता २५ टक्के. ‘पहिलं एसएस झालं, आता पुढची तीन सुटली’ हा हिशेब चुकीचा आहे, कारण प्रत्येक वेळी फासा नव्याने पडतो. सिकलसेलचा वाहक आणि बीटा थॅलेसेमियाचा वाहक यांच्या लेकरालाही आजार होऊ शकतो, हे मात्र पुष्कळांना माहीत नसतं.

रुग्णासाठी हायड्रॉक्सीयुरिया ही गोळी आहे. ती बाळपणीचं ‘एफ’ हिमोग्लोबिन वाढवते आणि दुखण्याचे झटके कमी करते. २०२३ साली ब्रिटन आणि अमेरिकेत मान्यता मिळालेली जनुक संपादनाची उपचारपद्धतीही ‘एफ’च वाढवते, ‘एस’चं जनुक जिथल्या तिथे राहतं. बोनमॅरो, म्हणजे हाडातला रक्त बनवणारा मगज, त्याच्या प्रत्यारोपणात मात्र वाहक भाऊ किंवा बहीण, मॅरो जुळला तर, दाता होऊ शकते. ते यशस्वी झालं की लाल कार्डवाल्याच्या रक्ताचा रिपोर्ट एएस येतो. दुखणं थांबतं. तरी त्याच्या लेकरांना तो एक ‘एस’ देणारच, कारण बदललं ते फक्त त्याचं रक्त. म्हणून त्याच्या जोडीदाराची तपासणी तेव्हाही करावीच लागते.