कॉलेजात ई-कचरा स्पर्धा घ्यायचीय? पोस्टरच्या आधी कागद बघा

होस्टेल विरुद्ध होस्टेल नाहीतर डिपार्टमेंट विरुद्ध डिपार्टमेंट, ज्यांनी जुना इलेक्ट्रॉनिक माल जास्त आणला ते जिंकले, कल्पना एवढीच आहे आणि चालतेही मस्त. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या दोन विद्यापीठांनी २००१ मध्ये रिसायकलिंगवरून अशीच आपसात चुरस लावली आणि त्यातूनच पुढे रिसायकलमेनिया ही तिकडच्या कॉलेजांची मोठी स्पर्धा उभी राहिली. आपल्याकडेही गोळा करायला पोरं मिळतात, घोडं पेंड खातं ते गोळा झालेला माल गेटबाहेर काढताना.

म्हणून सुरुवात उलटीकडून करा, आधी माल घेणारा ठरवा. १ एप्रिल २०२३ पासून ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ लागू आहेत आणि त्यात नोंदणी चारच जणांची होते: मॅन्युफॅक्चरर, प्रोड्युसर, रिफर्बिशर (जुनी वस्तू दुरुस्त करून परत वापरात आणणारा) आणि रिसायकलर. ही नोंदणी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर असते, तिथे नाव शोधा, मुदत संपलेली नाही ना बघा, आणि महाराष्ट्रात असाल तर एमपीसीबीच्या (महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या) संमतिपत्राची कॉपी मागा (गोव्यात गोवा राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाची). कोणी जुना डिस्मँटलरचा (वस्तू खोलून भाग सुटे करणाऱ्याचा) कागद दाखवला तर तो २०१६ च्या नियमांतला, नव्या नियमांत त्या नावाची वेगळी नोंदणीच नाही, त्यामुळे तेवढ्यावर माल देऊ नका. गाडी त्यांची की आपली, किमान किती किलो असले तर येतात, सुट्या बॅटऱ्या घेतात का, हे सगळं फोनवर न ठेवता लेटरहेडवर लिहून घ्या.

मग परवानगी. एनएसएस असेल तर प्रोग्राम ऑफिसरमार्फत, नाहीतर एखाद्या सरांना नाहीतर मॅडमना जबाबदार शिक्षक म्हणून घेऊन प्राचार्यांना अर्ज करा, त्यात तारखा, माल ठेवायची कुलपाची कोरडी खोली, चावी कोणाकडे आणि रिसायकलरचं नाव एवढं हवंच, सोबत रिसायकलरच्या नोंदणीची झेरॉक्स जोडा. सिक्युरिटीला एक प्रत द्या, नाहीतर शेवटच्या दिवशी टेम्पो गेटवर उभा आणि गेटपासवर सही करायला कोणीच जागेवर नाही असं होतं.

भाग कोण घेऊ शकतो? विद्यार्थी, शिक्षक, ऑफिसचा स्टाफ, होस्टेलवाले, सगळे, फक्त वस्तू स्वतःची किंवा घरची हवी. घरच्या माणसाला स्वतःचा जुना मिक्सर द्यायला कसलीही नोंदणी लागत नाही. मोबाइल रिपेअरिंगच्या दुकानातून पोतं भरून कोणी आणलं तर मात्र घेऊ नका, जिंकायच्या नादात पोरं हे करतातच. प्रत्येकाकडून एका पानाचं हमीपत्र घ्या: नाव, वर्ग, ओळखपत्राचा नंबर, वस्तूचं वर्णन, वस्तू माझ्या मालकीची आहे, डेटा काढलाय, परत मागणार नाही, सही. फोन असेल तर आयएमईआय नंबर लिहून घ्या, उद्या चोरीचा निघाला तर कोणी दिला हे सांगता आलं पाहिजे.

आता खरी गुंतागुंत डेडस्टॉकची, म्हणजे कॉलेजच्या रजिस्टरला नोंद असलेल्या सामानाची. कॉम्प्युटर लॅबच्या कोपऱ्यात धूळ खात पडलेले जुने मॉनिटर बघून प्रत्येक टीमला वाटतं की इथेच नंबर आला, पण ती कॉलेजची मालमत्ता आहे, रजिस्टरला नोंद आहे, आणि आधी विभागप्रमुखांचा अहवाल, मग वस्तू निरुपयोगी असल्याचा समितीचा शेरा, मग निर्लेखनाला (रजिस्टरमधून नोंद कमी करायला) मंजुरी, मग विल्हेवाट असा तो रस्ता आहे, अनुदानातून घेतलेली असेल तर अनुदान देणाऱ्यांच्या अटीही बघाव्या लागतात. स्पर्धेच्या आठवड्यात हे होणं शक्यच नाही, तेव्हा डेडस्टॉक स्पर्धेबाहेर, खोली वेगळी, वही वेगळी. ऑफिसला एक गोष्ट मात्र जरूर सांगा: एका आर्थिक वर्षात कधीही नियमांच्या अनुसूची १ मधल्या किमान १,००० वस्तू वापरात असतील तर ती संस्था बल्क कंझ्युमर ठरते. यादीत कॉम्प्युटर, प्रिंटर, टीव्ही, फ्रीज, एसी वगैरे धरून १०६ प्रकार आहेत, त्यामुळे मोठं इंजिनिअरिंग कॉलेज तिथे सहज पोचतं. अशा संस्थेने ई-कचरा फक्त नोंदणीकृत प्रोड्युसर, रिफर्बिशर किंवा रिसायकलरलाच द्यायचा असतो, म्हणजे कोटेशन मागवताना नोंदणीची अट घातली नाही आणि सगळ्यात जास्त भाव देणाऱ्या भंगारवाल्याला माल गेला तर नियम मोडला.

गुण देताना नुसतं वजन धरू नका. एक जुना डबा मॉनिटर दहा-पंधरा किलोचा, त्याच्यासमोर पन्नास मोबाइल आणणारी टीम हरते, आणि मोठं होस्टेल तर आपोआपच जिंकतं. मला विचाराल तर दरडोई वजन आणि वस्तूंची संख्या असे दोन वेगळे नंबर काढावेत. डबा मॉनिटर किंवा टीव्ही फोडायचा नाही, काचेत शिसं असतं, आणि फोडलेला माल रिसायकलर नाकारू शकतो.

सुट्या बॅटऱ्यांना वेगळे नियम आहेत, बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२, म्हणून त्यांचा डबा पहिल्या दिवसापासून वेगळा ठेवा, टोकांना चिकटपट्टी लावा. फुगलेली पॉवर बँक कोणी आणली तर ती बाकी मालाच्या खोलीत नकोच, वाळूच्या बादलीत उघड्यावर ठेवा आणि रिसायकलरला त्याच दिवशी कळवा. फोनमधून अकाउंट काढून मग रीसेट, सिम आणि कार्ड परत मालकाच्या हातात. हार्डडिस्क असेल तर ती नष्ट केल्याचं वेगळं पत्र मागा.

माल जाताना काटापावती, गाडीचा नंबर असलेलं चलन आणि नंतर रिसायकलिंगचं सर्टिफिकेट, हे तीन कागद जबाबदार शिक्षकांच्या फाइलला लागले पाहिजेत, एक सेट आयक्यूएसीला (कॉलेजच्या अंतर्गत गुणवत्ता कक्षाला) द्या, कारण कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या सातव्या निकषात ई-कचऱ्याचं काय करता हे विचारलं गेलंय आणि तेव्हा ऑफिस हेच कागद शोधत फिरतं. निकाल काटापावती हातात आल्यावरच लावा, होस्टेलच्या बाथरूमवाल्या वजनकाट्यावरचे आकडे आणि रिसायकलरच्या काट्यावरचे आकडे कधीच जुळत नाहीत.