न दाबलेलं बटण

दोन माणसं स्पॅनिशमध्ये बोलतायत, तिसरा आर्मेनियनमध्ये. मागे टाइपरायटर खडखडतोय, जोडीला आकडेमोडीचं यंत्र आणि छपाईचं यंत्र. हे सगळं एकाच टेपवर एकावर एक चढवलेलं, आणि आवाज १०८ डेसिबल, म्हणजे विसर्जन मिरवणुकीत डीजेच्या भिंतीजवळ उभं राहावं तसा. डेव्हिड ग्लास आणि जेरोम सिंगर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९६०च्या दशकाच्या अखेरीस काही माणसांना हा गोंगाट मधूनमधून ऐकवला. तो पुन्हा कधी सुरू होईल याचा नेम नव्हता. त्यातल्या काहींच्या हाताशी एक बटण ठेवलं होतं. अगदीच असह्य झालं तर ते दाबा, आवाज बंद होईल, पण शक्यतो दाबू नका, असं त्यांना सांगितलं होतं.

बटण दाबलं गेलं नाही. म्हणजे बटणवाल्यांनी आणि बिनबटणवाल्यांनी सारखाच गोंगाट सोसला. मग दोघांना कोडी दिली. त्यातली काही सुटणारच नाहीत अशी होती. बटणवाले चिकाटीनं पुन्हापुन्हा प्रयत्न करत राहिले. बिनबटणवाल्यांनी लवकर हात टेकले.

पुढे १९७६मध्ये एडवर्ड डॉनरस्टीन आणि डेव्हिड विल्सन यांनी याच धर्तीवर आक्रमकता मोजली. आधी एका माणसानं प्रयोगातल्या माणसाला डिवचायचं, मग डिवचणाऱ्याला विजेचे झटके देण्याची संधी त्याला द्यायची (झटके अर्थातच खोटे). चिडलेल्या माणसाला वर गोंगाटही ऐकवला की तो झटके वाढवायचा. पण गोंगाट आपल्याला थांबवता येतो असं ज्याला वाटत होतं, त्याच्यावर गोंगाटाचा हा परिणाम दिसत नव्हता.

तुरुंगातल्या मारामाऱ्यांबद्दल वाचताना मला हे बटण सारखं आठवतं. कारण आत गेलेल्या माणसाकडून सगळ्यात आधी तेच काढून घेतलेलं असतं. दिवा कधी मालवायचा, जेवायचं कधी, शेजारी कोण झोपणार, नळाला पाणी कधी येणार, यातलं काहीच त्याच्या हातात नाही. संध्याकाळी लवकर जेवण, मग मोजणी, मग बॅरेकला कुलूप, ते थेट सकाळपर्यंत. दिवा बहुधा रात्रभर चालूच. झोपायला जागा एका कुशीपुरती. एकानं कूस बदलली की शेजाऱ्यालाही बदलावी लागते. आणि सकाळी शंभर-दीडशे जणांना मोजके संडास. भांडण इथं बादलीवरून होतं, पंख्याखालच्या जागेवरून होतं. बाहेरच्याला ते क्षुल्लक वाटतं, पण आतल्याकडे मालकीचं म्हणावं असं तेवढंच असतं.

आपल्याकडच्या आदर्श कारागृह नियमावलीप्रमाणे बॅरेकमध्ये माणशी ३.७१ चौरस मीटर, म्हणजे साधारण ४० चौरस फूट जागा असायला हवी. मुंबईच्या आर्थर रोड तुरुंगाची क्षमता वर्षानुवर्षं ८००च्या घरात सांगितली जायची आणि आत माणसं अनेकदा ३,०००च्या वर असायची. त्या ४० चौरस फुटांचं काय झालं असेल ते ज्यानं त्यानं काढावं.

म्हणजे गर्दी हेच कारण? इथं जरा थांबायला हवं. नुसत्या गर्दीनं माणूस हातघाईवर येत असता तर सकाळची विरार लोकल दादरला रोज रक्तबंबाळ होऊन पोचली असती. संशोधकांचाही असाच गोंधळ झाला. गर्दी आणि कैद्यांचं गैरवर्तन यांवरचे १६ अभ्यास २००६मध्ये एकत्र तपासले गेले, तेव्हा दोघांतला थेट संबंध अगदीच किरकोळ निघाला. लोकलमधली गर्दी दादरला संपते, आणि ती संपणार हे चढतानाच माहीत असतं. तुरुंगातली संपत नाही. शिवाय ती एकटी येत नाही. माणसं तिप्पट झाली तरी नळ, संडास, डॉक्टर, मुलाखतीच्या खिडक्या आणि पहारेकरी तेवढेच राहतात. माझ्या मते खरी धग या टंचाईत आणि अनिश्चिततेत आहे.

अनिश्चिततेचं आपल्याकडचं नाव ‘तारीख’. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२च्या आकडेवारीनुसार देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती. त्यातले ४,३४,३०२ कच्चे कैदी, म्हणजे ज्यांचा खटला अजून चालू आहे असे. चारातले तीन. शिक्षा झालेल्याला निदान दिवस मोजता येतात. कच्च्या कैद्याला तेही जमत नाही. तारखेला न्यायालयात नेणारा पोलिस बंदोबस्त मिळाला नाही, पुढची तारीख पडली, बस. ग्लास-सिंगरच्या टेपसारखंच, पुन्हा कधी वाजेल ते सांगता येत नाही.

आता हमखास येणारा आक्षेप. आत जातात तेच मुळी भांडखोर, मग भिंतींना कशाला दोष? हा वाद समाजशास्त्रात जुना आहे. ग्रेशॅम साइक्स यांनी न्यू जर्सीच्या तुरुंगाचा अभ्यास करून १९५८मध्ये मांडलं की स्वातंत्र्य, वस्तू, स्त्री-सहवास, स्वतःचे निर्णय आणि सुरक्षितता या पाच गोष्टी हिरावल्या जातात आणि त्या पोकळीतून तुरुंगाची स्वतःची रीत जन्मते. चारच वर्षांनी जॉन आयर्विन आणि डोनाल्ड क्रेसी म्हणाले, छे, ती रीत कैदी बाहेरून बरोबर घेऊन येतात. आज बहुतेक अभ्यासक दोन्हीत तथ्य आहे असं मानतात. ते खरंच आहे. पण माणूस तोच ठेवून दिवस बदलला तर काय होतं, हे पाहिल्याशिवाय निवाडा कसा करणार?

ॲमस्टरडॅममधल्या काही संशोधकांनी ते पाहिलं. तिथल्या कच्च्या कैद्यांच्या तुरुंगात आलेल्या ३७ पुरुषांची पहिल्याच आठवड्यात संगणकावर चाचणी घेतली, तीन महिन्यांनी पुन्हा घेतली. निकाल २०१८मध्ये छापून आले. तीन महिन्यांत त्यांची पैज लावण्याची, जोखीम घेण्याची खोड वाढली होती आणि लक्ष टिकवणं जड जात होतं. गंमत म्हणजे आखणी करण्याचं कौशल्य मात्र सुधारलं होतं (जेलरसाहेबांना ही बातमी फारशी आवडायची नाही). ३७ म्हणजे फार नाहीत आणि तुलनेला बाहेरचा गटही नव्हता, तेव्हा यावरून इमले बांधू नयेत. तरी दिशा लक्षात घेण्याजोगी आहे. दिवसभर करायला काही नाही आणि ठरवायलाही काही नाही, असं असलं की मेंदूतली आवर घालणारी यंत्रणा गंजू लागते, असा संशोधकांचा कयास आहे.

त्यात झोपेची भर घाला. एक रात्र जागवलेल्या निरोगी तरुणांना त्रासदायक चित्रं दाखवली, तेव्हा धोका हेरणारा मेंदूतला अमिग्डला हा बदामाएवढा भाग पुरेशी झोप झालेल्यांपेक्षा सुमारे ६० टक्के जास्त पेटून उठला, असं २००७मध्ये दिसलं. कपाळामागचा मेंदूचा भाग एरवी त्याला लगाम घालतो. ती जोडणीच सैल पडली होती. ही एका रात्रीची गोष्ट. दिव्याखाली, एका कुशीवर महिनोन्‌महिने काढणाऱ्याला धक्का लागला आणि तो उसळला, तर त्यात त्याच्या स्वभावाचा वाटा किती आणि रात्रीचा किती?

उन्हाचा वाटा तर चक्क मोजला गेलाय. अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यातल्या, वातानुकूलन नसलेल्या तुरुंगांच्या नोंदी तपासून २०२१मध्ये निष्कर्ष निघाला की घातक उकाड्याच्या दिवशी हिंसक घटना सुमारे २० टक्क्यांनी वाढतात. तुरुंग तेच, कैदी तेच, फक्त दिवस तापलेला. विदर्भातल्या मे महिन्यातली पत्र्याखालची दुपार ज्यानं काढली आहे त्याला या आकड्याचं नवल वाटू नये.

या विषयावर लिहायचं म्हणजे अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातला १९७१चा प्रयोग आला पाहिजे, असा दंडक आहे. विद्यार्थ्यांना कैदी आणि पहारेकरी केलं, पहारेकरी क्रूर झाले, दोन आठवड्यांचा प्रयोग सहा दिवसांत गुंडाळला. पण पहारेकऱ्यांनी कडक वागावं म्हणून त्यांना आधीच पढवलं होतं, हे कागदपत्रांतून पुढे आलंय. तेव्हा त्याला इथं एवढीच जागा.

उलट दिशेचे प्रयोग जास्त बोलके आहेत. इंग्लंडमध्ये एल्सबरीच्या तुरुंगात २३१ तरुण कैद्यांपैकी काहींना जीवनसत्त्वं, खनिजं आणि मेदाम्लांच्या गोळ्या दिल्या, काहींना नुसत्याच दिसायला तशा. कोणाला काय मिळतंय ते त्यांना किंवा पहारेकऱ्यांना ठाऊक नव्हतं. खऱ्या गोळ्या घेणाऱ्यांचे शिस्तभंग २६ टक्क्यांनी कमी झाले. हे २००२चं. नंतर नेदरलँड्समध्येही साधारण तसंच आढळलं. सगळेच उपाय मात्र असे टिकत नाहीत. १९७९मध्ये सिएटलच्या एका नौदल कोठडीच्या भिंती गुलाबी रंगवल्या आणि कैदी शांत झाल्याचा डंका पिटला गेला. रंगाचे डबे पुष्कळ खपले, पुढच्या काटेकोर चाचण्यांत परिणाम काही सापडेना.

ऑरेगन राज्यातला स्नेक रिव्हर तुरुंग मला यात सगळ्यात लक्षवेधी वाटतो. तिथल्या एकांत कोठडीत माणूस दिवसाचे तेवीस-एक तास बंद असतो आणि बाहेरचं झाडही दिसत नाही. नलिनी नाडकर्णी या, जंगलातल्या झाडांच्या शेंड्यांचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञ (वडील भारतातून अमेरिकेत गेलेले) त्या चमूत होत्या. एका खोलीत भिंतीवर जंगल, समुद्र, ढग यांची चित्रफीत दाखवायची, आठवड्यातून काही वेळा, पाऊण तासापर्यंत. पडद्याच्या निळसर उजेडामुळे तिला ‘निळी खोली’ म्हणू लागले. वर्षभरात ती खोली वापरणाऱ्या २४ जणांचे हिंसक शिस्तभंग न वापरणाऱ्या २४ जणांपेक्षा २६ टक्क्यांनी कमी होते. आकडा छोटा आहे, मान्य. पण तिथल्या पहारेकऱ्यांनी सुरुवातीला नाकं मुरडली होती. पुढे कोणी येरझाऱ्या घालायला लागला, दारावर हात आपटायला लागला, की तेच त्याला विचारू लागले: थोडा वेळ त्या खोलीत बसतोस का?